नाव काय यांचं?

एकुलती शरणम्मा लग्न होऊन अक्कलकोटला गेली, त्याच साली, १९७४ला, रुद्रप्पाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सहा महिन्यांनी तो डॉक्टरांपुढं बसला होता.

"आज वार कुठला?"

"सोम... वार."

"मुलगी कुठं दिलीय?"

"अक्कलकोट."

"आणि ह्या तुमच्या मंडळी. नाव काय यांचं?"

रुद्रप्पानं बायकोकडं पाहिलं, मग जमिनीकडं. दर महिन्याला गाडी इथंच अडायची. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : बायकोचं नाव आठवत नाही.

"चालणं वाढवा," ते म्हणाले. "रमतगमत नको, दम लागला पाहिजे. पाय चालले की डोक्याला रक्त पुरतं."

नागम्मानं त्याला हात देऊन उठवलं. पस्तीस वर्षांचा संसार, आणि ह्या माणसाच्या डोक्यातून आपणच तेवढे पुसले गेलो, हे तिला आतून खात होतं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी ती त्याला रोज सकाळी चालवायची. एका फेरीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. फरफटणारा पाय उचलला जाऊ लागला. तो धापा टाकायचा, ती बोलत राहायची. जोंधळ्याची भाववाढ, शेजारणीचं भांडण, शरणीचं पत्र. कधीतरी आठवेल, म्हणून.

एकदा बोलण्याच्या नादात ती रस्त्यावर उतरली. समोरून टांगा उधळत आला.

"नागम्मा! माघारी फिर!"

ती मागं सरली आणि मटकन कट्ट्यावर बसली. टांगा निघून गेल्यावर तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"आठवलं व्हय?"

"इसरलो कवा हुतो? डाक्टरापुढं बायकूचं नाव घ्यायचं? लाज हाय की न्हाय मला!"

"आन मला सांगायला काय झालं हुतं? चुलीपुढं बसून रडले की मी!"

रुद्रप्पा वरमला. मग एका बाजूनं हसला. "सांगितलं असतं, तर चालणं बंद केलं असतंस. पस्तीस वर्सांत घरात कवा येवढं बोललीस?"

"लबाड माणूस!" ती म्हणाली आणि उठून पुढं चालू लागली.

चालणं थांबलं नाही. डॉक्टरांना दोघांनी काही सांगितलं नाही.

चार वर्षांनी कचेरीत कारकुनानं विचारलं, "मयताचं नाव?"

रीतीप्रमाणं जावई पुढं झाला. नागम्मानं त्याला हातानं मागं सारलं.

"रुद्रप्पा," ती मोठ्यानं म्हणाली. "सन एकोणीसशे एकोणऐंशी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी वारले. सकाळी, चालून आल्यावर."