चष्म्याचं घर

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. अंध मुलांना शिकवण्याच्या पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं आणि सुनेला विद्यार्थीच मिळत नव्हता.

कॉलेजचा नियम कडक होता. प्रत्येकीने एका अंध व्यक्तीला वर्षभर ब्रेल शिकवायचं, अगदी पहिल्या अक्षरापासून. त्या व्यक्तीने परीक्षकांपुढे अनोळखी पान वाचलं, तरच पदवी. जवळच्या शाळेत मुलं अकरा, शिकणाऱ्या बारा. चिठ्ठ्या टाकल्या. सुनेची कोरी निघाली.

ती दारोदार फिरली. "आमच्याकडे नाही हो तसं कुणी," असं एक बाई सांगत होती, तेव्हा आतल्या खोलीत काठी आपटत कुणीतरी चालत होतं.

"घरात आंधळं माणूस आहे हे कोण सांगतं गं?" सासूबाई म्हणाल्या. आठवडाभर बहिणीकडे राहून त्या आदल्याच दिवशी परतल्या होत्या.

"म्हणजे वर्ष गेलं, आई. पुढच्या वर्षी हे काही जाऊ देणार नाहीत. घराची आबाळ झाली की कॉलेज बंद, असं सांगूनच ठेवलंय."

सासूबाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी होते आंधळी."

"काहीतरीच काय! खोटं बोलायचं?"

"शिकवणं तर खरं ना? आण डोळ्यांवर बांधायला पट्टी."

सुनेने वहीत लिहिलं, 'विद्यार्थिनी, वय एकसष्ट, अंध.' पहिल्या पाठाची तारीखही तिने खालीच घातली.

रोज दुपारी पाठ चाले. आधी सहा वाट्या, तीन-तीनच्या दोन रांगा. गोटी असलेली वाटी म्हणजे उठलेला ठिपका. मग जाड कागद आणि टोचणी.

"उजवीकडून डावीकडे टोचायचं, आणि पान उलटून डावीकडून वाचायचं," सुनेने समजावलं.

"म्हणजे संसारच की. राबायचं एका बाजूने, दिसायचं दुसऱ्या बाजूला."

हळूहळू सासूबाईंनी सोंग दिवसभराचंच करून टाकलं. चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट, भिंतीला हात, पावलं मोजत चालणं. "परीक्षकाला संशय यायला नको," म्हणायच्या.

"आई, नाटकात जा, बक्षीस मिळवशील," मुलगा हसायचा.

"तू तिकीट काढून येणार असशील तर जाते."

एकदा त्यांनी अख्खं पान न अडखळता वाचलं. सुनेला राग आला. "आई, खरं सांगा. पट्टीखालून बघता ना?"

सासूबाईंनी बोटं पानावरून उचलली. "बघते हो. जित्याची खोड!"

सुनेने पट्टी आणखी घट्ट बांधली.

परीक्षा घ्यायला घरी आलेले गृहस्थ स्वतःच अंध होते. सासूबाई वाचू लागल्या, तसं त्यांनी आपली बोटं त्यांच्या बोटांवर अलगद ठेवली. दोन ओळी झाल्यावर ते सुनेला म्हणाले, "बाई, जरा पाणी आणता?"

ती पाणी घेऊन आली, तेव्हा दोघं काहीतरी बोलता बोलता थांबले.

फाटकापर्यंत सोडायला गेलेल्या सुनेला राहवलं नाही. "सर, त्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांना दिसतं. मी खोटं लिहिलंय."

परीक्षकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही चांगलं शिकवलंत," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

ती पहिल्या वर्गात पास झाली. सासूबाईंनी गयावया केली असणार आणि त्या भल्या माणसाने दया केली असणार, हे ती समजून चुकली. घरी तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

सासूबाई पुढच्याच वर्षी झोपेत गेल्या. परीक्षक म्हातारपणी मुलीकडे राहायला गेले, त्यानंतर त्यांची खबर मिळाली नाही. नवऱ्याने बायकोच्या नोकरीबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही. उलट पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. दहा वर्षांपूर्वी तोही गेला. सुनेने एकतीस वर्षं शिकवलं. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं वकील झाली, तबलजी झाली, शिक्षकही झाली. मात्र पदवीचं प्रमाणपत्र तिने भिंतीवर लावलं नाही. ते कपाटात, त्या जुन्या वहीत पडून होतं.

घर रिकामं करताना सासूबाईंची ट्रंक उघडली. तळाशी चष्म्याचं घर होतं. चष्म्याखाली चौपदरी घडी घातलेला कागद होता, त्यांच्या बहिणीच्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा. 'उजवा डोळा पूर्ण गेलेला. डाव्याला फक्त उजेड-अंधार कळतो. उपाय नाही.'

सुनेने कपाटातली वही काढली आणि कागद पहिल्या पानाशेजारी धरला. त्याच्यावरची तारीख पहिल्या पाठाच्या सहा दिवस आधीची होती.