वजा बारा टक्के

डाळजच्या शाळेत सहावीतली म्हाळसा फळ्यासमोर उभी होती आणि तिला लिफ्टचं गणित येत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरून लिफ्ट पाच मजले खाली गेली, तर कुठं थांबली? तिनं खडू नुसता धरून ठेवला होता.

मागच्या बाकावर बसलेल्या राजेश्वरीबाईंनी प्रश्न ओळखला. तो त्यांचाच होता. बारामतीच्या हायस्कुलात पंचवीस वर्षं गणित शिकवून त्यांनी सरावपुस्तिका लिहिली होती आणि मोबाईलवरून सगळ्यांना फुकट वाटली होती. त्याबद्दलच आज दुपारी इथं, शिक्षकांच्या बैठकीत, त्यांचा सत्कार होता. लवकर पोचल्या म्हणून वर्गात येऊन बसल्या होत्या.

"बाई, धरणाचं गणित करू का? ते येतंय मला," म्हाळसा वर्गशिक्षिकेला म्हणाली.

"ते आता नाही घ्यायचं," वृषालीबाई हळूच म्हणाल्या. त्यांची नजर नकळत मागच्या बाकाकडं गेली आणि लगेच वळली.

तेव्हा राजेश्वरीबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. जूनमध्ये शिक्षकांच्या ग्रुपवर वृषाली या नावानं त्यांच्या पुस्तिकेची हातानं लिहून बदललेली पानं आली होती. मॉल, लिफ्ट, गाड्यांचं तळघर, सगळं काढून तिथं उजनी धरणाचं पाणी घातलेलं. राजेश्वरीबाईंनी ती नीट वाचलीही नव्हती. पुस्तक फुकट दिलंय, मोडतोड करायला दिलेलं नाही, असं त्यांनी चारशे शिक्षकांसमोर लिहिलं होतं. तासाभरात वृषालीनं माफी मागून पानं काढून टाकली होती.

मुलं जेवायला पांगली. राजेश्वरीबाईंनी ती पानं पाहायला मागितली. वृषालीबाईंनी कपाटातून सुतळीनं बांधलेला गठ्ठा आणून दिला. पहिलंच गणित होतं, धरण वजा बारा टक्क्यांवर आहे, वीस टक्के पाणी आलं, आता किती? या पोरांच्या बापांच्या शेतातल्या मोटारी त्याच पाण्यावर चालत होत्या. उन्हाळ्यात घराघरांत धरण वजात गेलं की अधिकात आलं, याच्याच गोष्टी. राजेश्वरीबाई पानं उलटत राहिल्या. त्यांच्या पंचवीस वर्षांत हे त्यांना सुचलं नव्हतं.

"माझी परवानगी आहे. उद्यापासून घ्या ही पानं," त्या म्हणाल्या.

"देताय ते चांगलंच आहे, मॅडम. पण मे महिन्यात माझी बदली होईल, तेव्हा परवानगीही माझ्याबरोबर जाईल. नव्या बाईंनी पुन्हा तुम्हाला विचारायचं का? आणि सुप्याकडच्या जिरायती गावातल्या कुणाला धरणाच्या जागी विहीर घालावीशी वाटली, तर त्यांनी?"

आवाजात राग नव्हता. असता तर राजेश्वरीबाईंना सोपं गेलं असतं. पुस्तिकेच्या फाईलला त्यांनी हौसेनं कुलूप घातलं होतं आणि त्याचा पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक होता.

त्यांनी फोन काढला. कुलूप नसलेली मूळ फाईल ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'हवं ते बदला, छापा, पुढं द्या. मला विचारू नका. वृषालीबाईंचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं.' शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवून पाठवलं. क्षणात अंगठे येऊ लागले. जूनमध्ये त्यांची बाजू घेणारेच ते लोक होते. राजेश्वरीबाईंना काही हलकं वाटेना. जून ते डिसेंबर पोरं त्या लिफ्टपाशी अडली होती.

म्हाळसा फळा पुसायला मागं राहिली होती. काहीतरी बोलावं म्हणून राजेश्वरीबाईंनी तिला विचारलं, "वजा म्हणजे धरणात पाणीच नसतं ना गं?"

"असतंय की, बाई. लई असतंय," म्हाळसा म्हणाली. "पर धरणाच्या दारातनं भाईर येत न्हाय."