दुकान वाढवलं

“चाचा, तुमचा शब्द मानला. दुकान वाढवलं,” असं म्हणत वैशालीने पेढ्यांचा पुडा हसनचाचांच्या काउंटरवर ठेवला.

चाचांना गलबलून आलं. पोलादपूरच्या एसटी स्टँडमागे तिचं ब्लाऊज शिवायचं एवढंसं दुकान, हौसेने थाटलेलं, आणि बिचारीने शेवटी बंद केलं. त्यात पेढे कशाला आणायचे, हे काही त्यांना उमगेना. तरी त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की बरं झालं, जीव सुटला, मनाला लावून घेऊ नको.

“मनाला कशाला लावून घेऊ?” वैशाली म्हणाली. “शेजारचा गाळा घेतला. दोन नव्या मशिनी आल्या.”

चाचांचा हात तांब्यावरच राहिला.

आता यात चूक कुणाची म्हणावी? महाडच्या बाजारपेठेत दोरे, अस्तरं, हुक आणि लेस विकण्यात चाचांची हयात गेली. जातिवंत दुकानदार ‘दुकान बंद’ हे शब्द तोंडातून काढत नाही. अपशकुन होतो. संध्याकाळी शटर ओढतानासुद्धा तो दुकान ‘वाढवतो’. मागच्या वर्षी वैशाली रडवेली होऊन सल्ला मागायला आली होती. तयार ब्लाऊज मोबाइलवर मिळायला लागले, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, आणि धंद्यात पडलेल्या या बाईला अजून गळाही धड कापता येत नव्हता. म्हणजे ब्लाऊजचा. सगळं ऐकून चाचांनी उसासा टाकला आणि म्हणाले, “वाढव गो आता.” पोर मुंबईत लहानाची मोठी झालेली. तिने सरळ अर्थ घेतला असणार आणि लागली वाढवायला.

चाचांना आधी हसू आलं, मग लाज वाटली, आणि मग, खरं सांगायचं तर, पोटात दुखलं. कारण त्यांचं स्वतःचं दुकान या शुक्रवारी कायमचं वाढवायचं ठरलं होतं. जुन्या अर्थाने. त्यांचा मुलगा मुसैब कुवेतहून फोन करून मागे लागला होता की अब्बा, माश्या मारत बसण्यापेक्षा घरी आराम करा. चाचांनी हो म्हटलं खरं, पण तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. दुकान नसेल तर सकाळी उठून माणसाने जायचं कुठं?

वैशालीची टकळी चालूच होती. गळा कापायला ती इथल्याच सादिया टेलरकडे शिकली, तिच्या मशिनशेजारी ठाण मांडून. कॉलेजच्या पोरींना तिने विचारलं की मोबाइलवरून काय काय मागवता ते दाखवा. जवळच्या कापडे गावातल्या बायकांना विचारलं की माझ्याकडे का येत नाही, तर त्यांनी तोंडावर सांगितलं, तुझी बाही काखेत काचते. मग तीही नीट केली. विचारायला कसली लाज, असं तिचं म्हणणं. फार तर लोक हसतील, हसू देत.

चाचा ऐकत होते. आख्खी पेठ आजवर त्यांना विचारायला यायची. त्यांनी मात्र कुणाला काही विचारलं नव्हतं. समोरचा दुकानदार मोबाइलवर ऑर्डरी घेतो, पुडकी बांधून एसटीने गावोगाव पाठवतो, हे ते वर्षभर बसल्या जागेवरून बघत होते. ते कसं करतात, हे विचारायला जीभ रेटली नव्हती. आता विचारावं, तर या कालच्या पोरीला? आणि न विचारावं, तर शुक्रवार आलाच होता.

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

“वैशाली, माझं दुकान आता चालंल का गो?”

वैशालीचं हसू मावळलं. ती स्टूल घेऊन काउंटरच्या आत आली आणि त्यांच्याशेजारी बसली.

“चाचा, ‘वाढव’ म्हणजे काय, ते मला त्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं.”

चाचांना कुठं तोंड लपवू असं झालं. “मंग पेढे कशाला आणलेस?”

“पेढे नव्या गाळ्याचे. पण आले ते दुसऱ्याच कामाला. शुक्रवारचं बाजारात कळलं.” तिने पुडा सोडून एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला. “मी पण तेव्हा तुम्हाला असंच विचारलं होतं, दुकान चालेल का म्हणून. तसं विचारलं की माणसं ‘वाढव’च म्हणतात. नंतर मी ज्याला त्याला ‘कसं चालवू’ विचारत सुटले. तुम्ही पण तसं विचारा, चाचा. मी संध्याकाळपर्यंत मोकळी आहे.”