अनवाणी

नखं कापून झाली, टाचा घासून झाल्या, तेव्हा पायांवर उपचार करणाऱ्या सिग्नेने नायलॉनचा बारीक तंतू हातात घेतला.

"गुड्रुनआजी, डोळे मिटा. तळव्याला काही टेकल्यासारखं जाणवलं की 'हो' म्हणायचं. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर स्केगनच्या किनाऱ्यावर अनवाणी जाणं बंद. शिंपल्याने कापलं तरी कळायचं नाही."

"बंद म्हणे! लग्नाआधीपासून भर थंडीत डुंबतेय मी त्या समुद्रात," म्हणत आजींनी डोळे मिटले. शेजारी बसलेल्या आयनरआजोबांनी त्यांचा हात हातात घेतला.

अंगठा. "हो." टाच. "हो." एकही उत्तर चुकलं नाही. सिग्नेला बरं वाटलं. मग तिची नजर आजोबांच्या बोटांवर गेली. तंतू टेकला, की ती बोटं आजींचा हात हळूच दाबत होती.

"आजोबा, बाहेरून जरा टॉवेल आणता?"

आजोबा नाइलाजाने उठले.

सिग्नेने तंतू अंगठ्याला टेकवला. मग टाचेला. मग दुसऱ्या पायाला.

"सुरू कर की गं," डोळे मिटूनच आजी म्हणाल्या, "त्यांच्यासाठी कशाला थांबलीस?"