स्वयंपाकघरातलं बटण

नवरा येता-जाता स्वयंपाकघरातला दिवा बंद करायचा. मी आत असले तरी. "हात चालवायला उजेड कशाला लागतो?" म्हणायचा. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही.

तो गेला. तरी मी ओट्याशी उभी राहिले की पाठीमागे खट् व्हायचं आणि दिवा जायचा. शेवटी वायरमनला बोलावलं.

"काकू, वायरिंग ठणठणीत आहे. बटणच गेलंय."

मेन बंद करून त्याने बटण काढलं, माझ्या हातात दिलं आणि वायरी तात्पुरत्या थेट जोडल्या. मेन लावताच दिवा लागला.

"आता बघू कोण बंद करतंय!" तो हसला.

मीही हसले, कितीतरी वर्षांनी. बटण मुठीत घट्ट आवळलं.

मुठीतच खट् झालं आणि अंधार पडला.