स्थलांतरितांचा रविवार

चर्चमधल्या मिस्सेला अजून थोडा अवकाश होता. तेवढ्यात रेजिनाने भावाला देवळाच्या पायरीवरच गाठलं. अंतोन कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात वाचायचा कागद घेऊन ओठांतल्या ओठांत प्रार्थना घोकत उभा होता. आज स्थलांतरितांचा रविवार. परमुलखातून पोटासाठी आलेल्यांकरता मिस्सा आणि त्यांच्याचकरता जेवण. जेवणाचा सगळा खर्च अंतोनने उचललेला. फाटकावरच्या बॅनरवर तसं त्याच्या फोटोसकट छापलंही होतं.

"मिस्सा संपली की कल्याणला चल," रेजिना म्हणाली. "फादर गाडी काढतात."

"मंग जेवणाचं कोण बघंल?"

"वाढायला ढीगभर बाया आहेत. तुला फक्त एवढंच बोलायचं, सुनील माझ्या चाळीत राहतो, चांगला ओळखतो मी त्याला. बस."

सुनील मुर्मू पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा. फरशी बसवायचं काम करायचा. शुक्रवारी टिटवाळ्याच्या साइटवर तो फोनवर आईशी बंगालीत बोलत होता, तेवढं पुरलं. बांगलादेशी म्हणून त्याला पोलिसांनी उचलला आणि कल्याणला चौकीत नेऊन बसवला. आधार कार्ड दाखवलं, तर म्हणे आधार काय, कुणीही काढतं. फादर वकील घेऊन गेले. त्यांना चहा मिळाला, माणूस काही मिळाला नाही. शेवटी साहेब म्हणाले, घरमालकाला आणा, त्याला सांगू दे हा किती वर्षं इथे राहतोय ते. रविवारी दुपारपर्यंत मालक आला नाही तर याला पुढे पाठवतो. पुढे म्हणजे सीमेवर. तिथून माणूस एकदा पलीकडे ढकलला की त्याला परत कसा आणायचा, हे वकिलालाही सांगता येत नव्हतं. ठाणे-कल्याण करून करून रेजिनाचा पिट्टा पडला होता.

"तूच सांग ना जाऊन," अंतोन म्हणाला. "सख्खी बहीण हायस माझी."

"सांगितलं. माझं कोण ऐकतंय? घरपट्टी कुणाच्या नावावर, म्हणतात. त्यालाच आणा."

अंतोनने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गो बाय, पोलीस मना पयलं काय इचारतील? भाडेकरू ठेवलास, ठाण्यात कळवलंस काय? नाय कळवलं. मंग केस माझ्यावर. मागोमाग पालिकावाले येतील, चाळ कुणाच्या परवानगीनं बांधली म्हणून. बापाच्या मिठागरात आता मीठ नाय पिकत, खोल्याच पिकतात. त्या पण घालवू?"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच रेजिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोली तिनेच मिळवून दिली होती. देवळातली माणसं, देवळातलाच मालक, कागद कशाला हवा, असं म्हणून तिनेच सगळं शब्दावर भागवलं होतं. आता तिला भावाचा राग येत होता आणि स्वतःचाही.

"महिन्याच्या महिन्याला भाडं घेताना बरा ओळखीचा होता तो!"

"हळू बोल. लोक बघतात."

"बघू देत."

"पुढच्या आठवड्यात बघतो मी काहीतरी. एका वकिलाला इचारतो."

"पुढच्या आठवड्यात तो कुठे असेल, अंतोन?"

घंटा वाजली. अंतोनला तेवढंच हवं होतं. तो लगबगीने आत गेला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसला. सगळ्या परमुलखाला जेवू घालायला हा तयार, पण स्वतःच्या भाडेकरूला ओळख द्यायला नाही! अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

शेवटच्या बाकावर सुनीलची बायको मालती बसली होती. रेजिना तिच्याशेजारी टेकली. मालती ठेवणीतली साडी नेसून आली होती, कारण मिस्सेनंतर थेट नवऱ्याला आणायला जायचं होतं. मांडीवरच्या पिशवीत त्याचा धुतलेला शर्ट होता.

"मालिक आ रहे हैं ना, दीदी?"

रेजिनाला नाही म्हणवेना. "आता मिस्सा ऐक," एवढंच ती म्हणाली.

प्रवचनात फादर तळमळून बोलले. दोघं-तिघं घड्याळाकडे बघत होते, आणि मांडवातून मसाल्याचा वास आत येत होता. मग लोकांच्या प्रार्थना वाचायची वेळ झाली आणि अंतोन उठला. त्याचा आवाज पहिल्यापासून चांगला, मिठागराच्या बांधावरून हाक मारली तर खाडीपर्यंत जायचा. त्याने माइक जवळ घेतला.

"कामासाठी आपलं गाव सोडून आलेल्या आमच्या भावाबहिणींना इथे आसरा मिळावा. ते संकटात असतील तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला, हे प्रभू, तू आम्हांला धैर्य दे."

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," सगळं देऊळ एका सुरात म्हणालं.

रेजिनाचं तोंड उघडलं नाही. हा कागद अंतोनने पायरीवर उभं राहून पाठ केला होता, तिच्याशी बोलताना तो त्याच्या हातातच होता. जागेवरून उठावं आणि तिथेच त्याला विचारावं असं तिला वाटलं. तेवढ्यात मालतीने तिचं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत मालतीला मराठी कळायला लागली होती, बोलायला तेवढं जमत नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैलावला होता.

"दीदी, मालिक हमारे लिए बोला," ती कुजबुजली. "इधर इतने लोगों के सामने बोला. तो उधर भी बोलेगा ना?"