अर्ज क्रमांक नऊ

"हा अर्ज आहे की निरोपसमारंभाचं भाषण?" मोठ्या बाईंनी सात क्रमांकाचा अर्ज टेबलावर आपटला. "नमनालाच घडाभर तेल. मूल पहिल्यांदा दिसतं ते पान चारवर."

समोर बसलेले चिटणीस नुसते हसले. बालविकास व वर्तनतज्ज्ञ मंडळात बाईंच्या पुढ्यात याहून अधिक काही करायचे नसते, हे ते अकरा वर्षांत शिकले होते.

सकाळपासून सहा अर्ज वाचून झाले होते आणि सहाही रद्दीत घालण्याच्या लायकीचे निघाले होते. मंडळाचे सदस्य व्हायचे, तर एका मुलाचे वर्षभर निरीक्षण करून त्याची नोंद पाठवावी लागे. अर्ज टाइप केलेला असे; त्यावर नाव नसे, केवळ क्रमांक. मूलही कोणाला ओळखू येऊ नये, म्हणून त्याचे तपशील बदलून लिहायचे आणि खरे तपशील मोहोरबंद पाकिटात सोबत जोडायचे. इतका साधा नियम; पण एकाने मुलाच्या शाळेचे खरे नाव लिहिले होते, तर दुसरीने मुलाचा फोटोच चिकटवला होता.

"पदव्या घेतात हातभर," बाई म्हणाल्या, "आणि सूचना वाचायला डोळे नाहीत."

यंदाच्या अर्जदारांत त्यांची सूनही होती. सदस्यत्व मिळाले की दूरच्या शहरातल्या रुग्णालयात तिची जागा पक्की होणार होती. चिरंजीवांनी तर तिकडे घरही पाहून ठेवले होते. ते दोघे कुठेही जावोत, बाईंची त्याला हरकत नव्हती. पण त्यांच्यासोबत ठकी जाणार होती. शाळेला सुट्टी म्हणून बाईंनी आज नातीला बरोबर आणले होते. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत चित्र रंगवत बसली होती. ठकीवाचून ते घर म्हणजे नुसत्या भिंती.

"बाई, रागावणार नसाल तर," चिटणीस चाचरत म्हणाले, "सूनबाईंचा अर्ज असताना आपण यंदा समितीवर..."

"नसावं, असंच ना? नावं झाकलेली असताना नातं कुठून दिसणार? सात कोणाचा आणि नऊ कोणाचा, मला काय स्वप्न पडलंय?"

ते खरेच होते. फक्त सात क्रमांकाच्या तिसऱ्याच ओळीत बाईंना सूनबाईंचा सूर ऐकू आला होता. एकच गोष्ट चार वेळा सांगायची, चारही वेळा अलंकार घालून, आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकून मोकळे व्हायचे. घरात मीठ संपल्याचे सांगतानाही तिची हीच तऱ्हा.

बाईंनी अर्ज पुन्हा एकदा, अगदी न्यायबुद्धीने वाचला. दोष शोधावे लागले नाहीत. ते आपणहून पुढे आले. 'निरीक्षणापेक्षा भावनाच अधिक. अमान्य,' असा शेरा त्यांनी लिहिला आणि शिक्का उमटवला. सुंठीवाचून खोकला गेला. आता ठकी इथेच राहणार होती.

"बाळ, पाणी हवंय का गं?" चिटणिसांनी विचारले.

"नकोय तिला. निघतानाच प्यायलीय," बाई म्हणाल्या. "आठवा द्या."

आठव्यात मुलाचे वय दर पानावर बदलत होते. तो दोन मिनिटांत निकालात निघाला.

नववा अर्ज मात्र बाईंनी हातातून खाली ठेवला नाही. जेमतेम सहा पानांचा. पाच वर्षांचा मुलगा, घरात वडीलधारे म्हणून आजोबा, लष्करातून निवृत्त. मुलगा शाळेत पोपटासारखा बोलतो आणि उंबरठा ओलांडून घरात आला की मुका होतो. लिहिणाऱ्याने कुठेही गळा काढलेला नव्हता. केवळ मोजले होते. एका संध्याकाळी दोन तासांत मुलाला सदतीस प्रश्न विचारले गेले. चौतिसांची उत्तरे आजोबांनी दिली.

"याला म्हणतात निरीक्षण," बाई म्हणाल्या. "ऐका. 'आजोबांचे नातवावर अतोनात प्रेम आहे. त्या प्रेमात नातवाला बोलायला जागा उरलेली नाही.' दोन वाक्यं. संपलं. आमच्याकडे हेच लिहायला वही लागली असती."

"आजोबा मात्र कठीण दिसतात," चिटणीस म्हणाले.

"कठीण कसले, हेकट. हाताखालची पलटण गेली, म्हणून आता नातवाची कवायत. मी असे पुष्कळ पाहिलेत. यांना वाटतं, आपण नसलो तर पोराचं पान हलणार नाही."

मान्य झालेल्या अर्जावर समितीला स्वतःचे मतही नोंदवावे लागे, आणि ते अर्जदारामार्फत त्या कुटुंबाला कळवले जाई. बाईंनी चष्मा नीट केला आणि ठसठशीत अक्षरात लिहिले: 'मान्य. सर्वोत्कृष्ट. मुलाला आजोबांपासून लवकरात लवकर वेगळ्या घरी न्यावे. आजोबा मोडता घालतील. त्यांचे ऐकू नये.' खाली लफ्फेदार सही केली.

"फारच कडक झालं का?" त्यांनीच विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, "नाही. लेकराचा प्रश्न आहे. फोडा पाकीट आणि खरे तपशील वाचा. माझे डोळे शिणलेत."

चिटणिसांनी मोहोर तोडली, आतला कागद उलगडला.

"मुलगा नाही, मुलगी. वय सात," ते वाचू लागले. "निरीक्षक, मुलीची आई. आजोबांच्या जागी आजी वाचावे."

ते थांबले.

"अडलात का? आजीचा व्यवसाय लिहिला असेल पुढे."

"लिहिलाय," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी तो कागद बाईंच्या पुढ्यात सरकवला. तिथे सूनबाईंच्या नीटस अक्षरात एवढेच होते: 'अध्यक्ष, सदस्यता समिती.'